झोटेरो: शोधनिबंधाची संदर्भसूची किती सोपी होते आणि देवनागरीत कुठे अडते

शोधपत्रिकेच्या कार्यालयात लेख पोचला की तज्ज्ञांकडे जाण्याआधी त्याची तांत्रिक तपासणी होते, आणि संदर्भांतल्या चुका तिथेच पकडल्या जातात. मजकुरात नाव आहे पण सूचीत नाही, सूचीत आहे पण मजकुरात कुठेच नाही, एकाच पुस्तकाला दोन वेगळी वर्षं, कुठे पत्रिकेचं पूर्ण नाव तर कुठे संक्षेप. शंभर संदर्भ हाताने टाइप केले की अशा चुका राहतातच, मग लिहिणारा कितीही काटेकोर असो. एका पत्रिकेने नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवायचा झाला तर कंसातली नावं काढून चौकटी कंसात आकडे घालायचे आणि सगळी सूची पुन्हा लावायची, हे काम वेगळंच.

झोटेरो हे सॉफ्टवेअर नेमकं हेच काम अंगावर घेतं. 2006 साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रातून ते सुरू झालं. आज ते ना-नफा संस्थेकडे आहे, मुक्तस्रोत आहे आणि वापरायला मोफत आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. इंग्रजी संदर्भांसाठी आम्ही त्याला पाचपैकी साडेचार गुण देऊ, मराठी संदर्भांसाठी तीन. हा दीड गुण कुठे जातो ते पुढे सविस्तर येईलच. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी: झोटेरो मांडणी करतं, माहितीची शहानिशा करत नाही. आयटमच्या, म्हणजे एका संदर्भाच्या नोंदीच्या, रकान्यात चुकीचं वर्ष असेल तर तेच वर्ष ते अत्यंत शिस्तीत, योग्य जागी, योग्य विरामचिन्हांसह छापेल. म्हणून जो वेळ द्यायचा तो शैली (एपीए, एमएलए, शिकागो अशी संदर्भ छापण्याची ठरलेली पद्धत) निवडण्यावर नव्हे, आयटम भरण्यावर द्यावा.

आयटम आणायचे कसे

तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे ब्राउझरमध्ये बसवायचं झोटेरोचं जोड-साधन, कनेक्टर. लेखाचं पान उघडं असताना त्याच्या चिन्हावर क्लिक केलं की लेखक, शीर्षक, खंड, अंक, पृष्ठं आणि मिळाल्यास पीडीएफही लायब्ररीत, म्हणजे झोटेरोतल्या तुमच्या संदर्भसंग्रहात, येते. दुसरी वाट ओळख-क्रमांकाची: जादूच्या कांडीच्या चिन्हावर क्लिक करून डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळख-क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) किंवा पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतला क्रमांक टाकायचा. डीओआय असेल तर हीच वाट सर्वांत भरवशाची, कारण माहिती थेट प्रकाशकाने नोंदवलेली असते. तिसरी वाट म्हणजे पीडीएफ ओढून झोटेरोत टाकणं. ते स्वतः माहिती शोधतं आणि नव्या इंग्रजी लेखांच्या बाबतीत बहुधा शोधूनही काढतं. स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकाबाबत मात्र ही अपेक्षा ठेवू नये.

एखाद्याकडे आधीच टाइप केलेली लांबलचक सूची असेल तर ती पुन्हा एकेक करून शोधायची गरज नाही. डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेच्या सिंपल टेक्स्ट क्वेरी या मोफत सेवेत सूची चिकटवली की ज्यांना डीओआय आहे त्यांचे डीओआय मिळतात. ते एकत्र कॉपी करून कांडीच्या चौकटीत टाकले की आयटम एकदमच तयार होतात. एआयकडून संदर्भ लिहून घेणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे. ज्या संदर्भाचा डीओआय उघडत नाही किंवा भलताच लेख उघडतो, तो कुठल्याही ग्रंथालयाच्या सूचीत सापडेपर्यंत लेखात ठेवू नये.

गूगल स्कॉलरच्या 'साइट' (Cite) बटणावरून तयार मजकूर उचलणं सोपं वाटतं, पण त्यात संक्षेप, अंक-क्रमांक आणि संपादकांची नावं गळलेली असू शकतात. शिवाय तो मजकूर म्हणजे नुसता मजकूर. पुढे शैली बदलली की तो बदलत नाही.

आयटम तपासताना काय पाहायचं

आयटम आला म्हणजे काम झालं नाही. प्रत्येकावर दोन मिनिटं घालवावीत, आणि तीही आणल्याबरोबर. लेख लिहून झाल्यावर दीडशे आयटम एकदम तपासायला बसलं की डोळे थकतात आणि चुका सुटतात.

शीर्षक वाक्यासारखं साठवावं, म्हणजे पहिला शब्द आणि विशेषनामं एवढीच मोठ्या अक्षरांत. कारण असं आहे की एमएलए किंवा शिकागो शैलीला प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लागतं आणि ते झोटेरो स्वतः करू शकतं. उलट दिशेने, म्हणजे सगळी मोठी अक्षरं लहान करताना, कोणता शब्द विशेषनाम आहे हे त्याला खात्रीने कळत नाही. एपीएला वाक्यासारखंच शीर्षक हवं असतं. त्यामुळे मूळ साठवण वाक्यासारखी असेल तर दोन्ही शैली बरोबर येतात. शीर्षकावर उजवं क्लिक करून सेंटेन्स केस निवडता येतं, पण नंतर गावांची, माणसांची, संस्थांची नावं डोळ्यांनी तपासावीच लागतात. प्रकाशकाने संपूर्ण शीर्षक मोठ्या अक्षरांत नोंदवलेलं असेल तर हे आधी करावं.

वनस्पतीचं किंवा प्राण्याचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत हवं असेल तर शीर्षकाच्या रकान्यात त्या नावाभोवती वेबपानासाठी वापरतात तसे आय अक्षराचे उघडे आणि बंद टॅग (<i> आणि </i>) लिहावेत. पुस्तकाचं शीर्षक आधीच तिरपं छापलं जात असेल तर हाच टॅग आतला भाग सरळ करतो. ही गोष्ट पुढे मराठी पुस्तकांसाठी फार उपयोगी पडते.

नावांचा प्रश्न भारतीय लेखकांच्या बाबतीत नेहमीचा. कॅटलॉगमधून आलेल्या आयटममध्ये संपूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात गेलेलं असतं, किंवा 'डॉ.', 'प्रा.' या उपाध्या पहिल्या नावात चिकटलेल्या असतात. उपाधी काढून टाकावी. वडिलांचं नाव पहिल्या नावासोबत ठेवावं, आडनाव वेगळं. संस्था लेखक असेल, जसं की महाराष्ट्र शासन किंवा भारतीय रिझर्व्ह बँक, तर नावाच्या रकान्याशेजारचं छोटं चिन्ह दाबून तो एकच रकाना करावा. नाहीतर सूचीत 'शासन, म.' असला प्रकार छापून येतो.

एपीएच्या मजकुरात अचानक '(व्ही. कुलकर्णी, 2015)' असं आद्याक्षरासकट छापलं जाऊ लागलं तर घाबरू नये, आणि हाताने ते खोडूही नये. लायब्ररीत एकच माणूस दोन रूपांत आहे, एकदा आद्याक्षरांसह आणि एकदा पूर्ण नावाने, एवढाच त्याचा अर्थ. झोटेरो त्यांना दोन वेगळे लेखक समजतं आणि वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून आद्याक्षर जोडतं. दोन्ही आयटममध्ये नाव अक्षरशः सारखं करा आणि वर्डमध्ये रिफ्रेश दाबा. आद्याक्षर निघून जातं.

वैद्यकशास्त्राच्या पत्रिकांसाठी व्हँकूव्हर शैलीत पत्रिकेचं नाव संक्षेपात लागतं. त्यात एक सापळा आहे. वर्डमधल्या झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये मेडलाइनचे (वैद्यकीय पत्रिकांच्या सूचीतले) संक्षेप वापरा या चौकटीत खूण असेल तर आयटममधला 'जर्नल ॲब्रिव्हिएशन' हा रकाना वाचलाच जात नाही. म्हणजे तुम्ही आयटममध्ये संक्षेप दुरुस्त करत राहता आणि लेखात काहीच बदलत नाही. मेडलाइनमध्ये नसलेल्या पत्रिकांचे बरेच संदर्भ असतील तर खूण काढावी आणि संक्षेप स्वतः भरावेत.

मागे घेतलेल्या लेखांबाबत झोटेरो इशारा देतं, आणि आमच्या मते ही त्याची सर्वांत मोलाची सोय आहे. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या नोंदींशी ते तुमची लायब्ररी ताडून पाहतं. लेख मागे घेतला गेला असेल तर आयटमवर लाल पट्टी येते, आणि तो उद्धृत करायला गेलं की पुन्हा विचारलं जातं. हाताने सूची करणाऱ्याला हे कळायला सहज मार्ग नसतो.

वर्डमध्ये काम करताना

झोटेरो बसवलं की वर्डमध्ये त्याचा वेगळा टॅब येतो. न आल्यास झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये साइट (Cite) या भागात जाऊन वर्ड प्रोसेसर प्लगइन पुन्हा बसवावं. संगणकावरचं वर्ड लागतं, ब्राउझरमधल्या वर्डमध्ये हे प्लगइन चालत नाही. लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्समध्येही चालतं, पण गूगल डॉक्समध्ये लेख मोठा झाला की ते चांगलंच रेंगाळतं.

ॲड सायटेशन दाबून लेखकाचं नाव टाइप करायचं, आयटम निवडायचा, मग त्या निवडलेल्या नावावर क्लिक करून पृष्ठक्रमांक भरायचा. पृष्ठक्रमांक कंसाबाहेर हाताने लिहू नये. 'पाहा' किंवा 'उदाहरणार्थ' असे शब्द प्रीफिक्सच्या रकान्यात जातात. 'देशपांडे (2015) यांच्या मते' अशी रचना हवी असेल तर नाव मजकुरात स्वतः लिहून ओमिट ऑथरची खूण करावी, म्हणजे कंसात फक्त वर्ष येतं. एका जागी तीन संदर्भ द्यायचे असतील तर ते तिन्ही एकाच चौकटीत टाकावेत. शेजारी शेजारी तीन वेगळे घातले तर तीन वेगळे कंस छापले जातात आणि आकड्यांच्या शैलीत 3 ते 5 असं एकत्रीकरण होत नाही.

सूची हवी तिथे ॲड बिब्लिओग्राफी एकदाच दाबायचं. मजकुरात जे आलं तेवढंच सूचीत येतं, मजकुरातून काढलं की सूचीतूनही जातं. सुरुवातीला सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या इथेच संपतात.

आता बिघाडांबद्दल. सूचीत थेट हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या रिफ्रेशला पुसली जाते, म्हणून दुरुस्ती नेहमी आयटममध्ये करावी. मजकुरातल्या कंसात हाताने फेरफार केला तर झोटेरो विचारतं की हा बदल ठेवायचा का. 'हो' म्हटलं तर तो संदर्भ गोठतो आणि शैली बदलली तरी जुन्याच रूपात राहतो. अंतिम प्रतीत एखादाच संदर्भ वेगळा दिसत असेल तर कारण बहुधा हेच असतं.

एकच पुस्तक सूचीत दोनदा, '2015अ' आणि '2015ब' असं येत असेल किंवा आकड्यांच्या शैलीत त्याला दोन क्रमांक मिळाले असतील, तर लायब्ररीत त्याचे दोन आयटम आहेत. इथे घाईने एक आयटम डिलीट करू नये. डुप्लिकेट आयटम्समध्ये जाऊन दोन्ही मर्ज करावेत. मर्ज केल्यावर लेखातले जुने दुवे टिकतात, डिलीट केल्यावर तुटतात. सहलेखक असतील तर हा घोळ हमखास होतो, कारण एकाच्या खाजगी लायब्ररीतला आयटम आणि गटाच्या लायब्ररीतला आयटम हे झोटेरोच्या दृष्टीने वेगळे असतात. उपाय साधा आहे: पहिल्या दिवशीच सामायिक गट तयार करायचा आणि सगळ्यांनी फक्त त्यातूनच उद्धृत करायचं. गट मोफत आहेत.

प्रबंधाच्या आकाराच्या फाइलमध्ये प्रत्येक संदर्भानंतर वर्ड अडखळू लागतं, कारण झोटेरो दरवेळी सगळे संदर्भ नव्याने मोजतं. डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधली आपोआप अद्ययावत करण्याची खूण काढून टाकावी आणि दिवसाच्या शेवटी एकदा रिफ्रेश दाबावं. मार्गदर्शकाने ट्रॅक चेंजेस चालू ठेवून दुरुस्त्या केल्या असतील तर आधी त्या स्वीकारून किंवा नाकारून संपवाव्यात, मग रिफ्रेश करावं. नाहीतर प्रत्येक संदर्भ खोडलेला आणि नव्याने घातलेला दिसतो आणि फाइल वाचता येत नाही.

शैली: तयार आणि घरची

झोटेरोच्या संकेतस्थळावर दहा हजारांहून अधिक शैली आहेत. पत्रिकेचं नाव शोधून क्लिक केलं की शैली बसते. इथे आवृत्ती नीट बघावी. एपीएची 7वी आवृत्ती 2019 साली आली आणि तिच्यात वीस लेखकांपर्यंत सगळी नावं सूचीत द्यावी लागतात, एकवीस किंवा जास्त असतील तर पहिली एकोणीस, मग तीन टिंबं आणि शेवटचं नाव. मजकुरात तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्याच वेळी 'व इतर'. प्रकाशनस्थळ गाळलेलं असतं. जुन्या 6व्या आवृत्तीत यांतलं प्रत्येक वेगळं होतं, आणि अनेक विद्यापीठांच्या नियमपुस्तिका अजून दोन्हींची सरमिसळ करतात. पत्रिकेच्या सूचनांमध्ये आवृत्ती लिहिलेली नसेल तर तिच्या ताज्या अंकातले दोन लेख उघडून सूची पाहावी.

पत्रिकेची शैली संग्रहात नसेल तर जवळची शैली घेऊन झोटेरोच्या स्टाइल एडिटरमध्ये बदलता येते. प्रोग्रॅमिंग यायला हवं असं नाही. 'सहा लेखकांनंतर व इतर' हवं असेल तर एट-अल-मिन (et-al-min) या ठिकाणी 7 आणि एट-अल-यूज-फर्स्ट (et-al-use-first) या ठिकाणी 6 लिहायचं, एवढंच. पण शैलीचं नाव आणि वरच्या भागातला तिचा आयडी दोन्ही बदलून मगच जतन करावं. आयडी तोच राहिला तर मूळ शैलीची नवी आवृत्ती आल्यावर तुमचे बदल पुसले जातात.

एक सल्ला वेळ वाचवणारा आहे. एल्सव्हियरच्या अनेक पत्रिका पहिल्या वेळी कोणत्याही सुसंगत शैलीतले संदर्भ स्वीकारतात आणि त्यांची मांडणी लेख मान्य झाल्यावर पाहतात. लेखकांसाठीच्या सूचनांत तसं लिहिलेलं असेल तर आधी शैलीवर कष्ट घेऊ नयेत.

मराठी संदर्भ

इथे झोटेरोची मर्यादा दिसते, आणि इथेच मराठी अभ्यासकाला सर्वांत जास्त काम पडतं.

आधी लिपी. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये छापलेल्या पीडीएफमधून शीर्षक कॉपी केलं तर रोमन चिन्हांची खिचडी हाती येते. ते शीर्षक युनिकोडमध्ये स्वतः टाइप करावं. युनिकोडमध्येही 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: एकदा नुक्त्याच्या ऱ अक्षराला हलन्त लावून, एकदा साध्या र ला हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी आहेत. 'गोऱ्हे' हे आडनाव दोन तऱ्हांनी आलं की लेखक दोन झाले, शोधही फसला आणि वर सांगितलेला आद्याक्षरांचा गोंधळ पुन्हा सुरू. एकच कीबोर्ड ठरवून घ्यावा आणि एकदा लिहिलेलं नाव पुढच्या आयटममध्ये कॉपी करावं.

दोन रकान्यांत भरलेलं देवनागरी नाव निवडलेल्या शैलीत कसं छापलं जातं हे आधी एका आयटमवर पाहून घ्यावं. स्वल्पविराम, मधली जागा आणि आद्याक्षर या तिन्ही ठिकाणी रोमन लिपीच्या सवयी आड येऊ शकतात. 'विष्णू'चं आद्याक्षर आपल्याकडे 'वि.' होतं, 'व.' नव्हे, आणि हे शैलीला माहीत असेल असं गृहीत धरू नये. खात्रीचा मार्ग म्हणजे नावाचा एकच रकाना करून त्यात 'कुलकर्णी, वि. गो.' असं सूचीत हवं तसं लिहिणं. आकड्यांच्या शैलीत यात काहीच तोटा नाही. लेखक आणि वर्ष अशा शैलीत मात्र मजकुरातल्या कंसातही अख्खं नाव आद्याक्षरांसह येतं. ते नको असेल तर ओमिट ऑथर वापरून आडनाव प्रीफिक्समध्ये लिहावं लागतं. हे किचकट आहे, पण चालतं.

वर्षाच्या रकान्यात 0 ते 9 हेच अंक वापरावेत. जुन्या पुस्तकांवर शके असतो. शके 1831 म्हणजे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सन 1909 आणि त्यानंतर फाल्गुनापर्यंत 1910. महिना छापलेला असेल तर त्यावरून 78 किंवा 79 मिळवावेत. इसवी सन वर्षाच्या रकान्यात ठेवावा, शक टिपणात. पुनर्मुद्रण असेल तर हाती असलेल्या प्रतीचं वर्ष मुख्य रकान्यात द्यावं आणि 'एक्स्ट्रा' रकान्यात ओरिजिनल-डेट (original-date) हे शब्द इंग्रजीत लिहून, अपूर्णविराम देऊन मूळ वर्ष लिहावं. एपीए मग मजकुरातल्या कंसात दोन्ही वर्षं तिरप्या रेघेने जोडून छापतं.

इंग्रजी लेखात मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत द्यायचं असेल तर भाषेच्या रकान्यात मराठीचा एम-आर (mr) हा संकेत इंग्रजीत भरायलाच हवा. रकाना रिकामा असेल तर शिकागो आणि एमएलए ते इंग्रजी समजून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतात. एपीएला शीर्षकानंतर चौकटी कंसात इंग्रजी अर्थही लागतो. झोटेरोत त्यासाठी वेगळा रकाना नाही, तो शीर्षकातच लिहावा लागतो. पुस्तक असेल तर शीर्षक तिरपं आणि कंस सरळ हवा, म्हणून तेवढ्या कंसाभोवती आयचा टॅग घालावा. लेखाच्या शीर्षकाला मात्र टॅग घालू नये, ते मुळातच सरळ असतं आणि टॅगमुळे कंस तिरपा होईल.

'व इतर', 'संपा.', 'अनु.', 'पृ.' हे शब्द मराठीत हवे असतील तर शैलीच्या फाइलमध्ये लोकेल या भागात ते शब्द लिहून इंग्रजी शब्दांच्या जागी बसवता येतात. पण मग ते सूचीतल्या सगळ्याच संदर्भांना लागू होतात, इंग्रजी पुस्तकांनाही. मराठी लेखात हे कदाचित चालेल. इंग्रजी पुस्तकाला इंग्रजी आणि मराठी पुस्तकाला मराठी शब्द अशी मागणी असेल तर ते शेवटी हाताने करणं हाच व्यवहार्य मार्ग.

क्रमवारीतही अशीच अडचण आहे. दस्तऐवजाची भाषा इंग्रजी असताना 'क्षीरसागर' हे नाव 'क'च्या गटात जाऊन बसतं. मराठी वर्णक्रमाने ते 'ह' आणि 'ळ' यांच्यानंतर हवं. मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या दोन वेगळ्या सूची हव्या असतील तर झोटेरो एकाच सूचीचे असे दोन भाग करून देत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांना कागदपत्रांसाठी 'मॅन्युस्क्रिप्ट' हा प्रकार पुरेसा आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराचा कागद असेल तर संग्रहाचं नाव 'आर्काइव्ह'मध्ये आणि रुमालाचा (कागदांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक 'लोकेशन इन आर्काइव्ह'मध्ये. शिकागोच्या तळटीपा हे व्यवस्थित छापतात. जुन्या वृत्तपत्रातल्या निनावी अग्रलेखाला लेखकाचा रकाना रिकामा ठेवावा. 'संपादक' असं लिहिलं तर ते लेखकाचं नाव म्हणून छापलं जाईल.

पत्रिकेकडे पाठवताना

मूळ फाइलची प्रत करावी आणि फक्त त्या प्रतीत अनलिंक सायटेशन्स दाबावं. त्याने सगळे संदर्भ साधा मजकूर होतात आणि ही क्रिया फाइल जतन केल्यावर उलटवता येत नाही. दुवे जिवंत असलेली मूळ फाइल जपून ठेवावी, कारण परीक्षकांच्या सूचनांनंतर काम तिच्यातच करायचं आहे. मराठी पत्रिका श्रीलिपीत मजकूर मागत असेल तर रूपांतराआधी अनलिंक करणं अनिवार्य आहे. 'क्ष'चा क्रम, मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या करणं, मिश्र सूचीतले 'संपा.' आणि 'पृ.', ही सगळी हातदुरुस्ती याच टप्प्यावर, याच प्रतीत. आधी केली तर रिफ्रेश ती पुसून टाकेल.

इतर पर्याय आणि खर्च

एल्सव्हियरच्या मालकीचं मेंडेली मोफत आहे आणि सुरुवातीला जास्त जागा देतं, पण ते मुक्तस्रोत नाही आणि त्याचं जुनं डेस्कटॉप रूप 2022 मध्ये डाउनलोडसाठी बंद झालं. इतक्या वर्षांची लायब्ररी एका प्रकाशकाच्या निर्णयांवर सोपवावी का, याचा विचार जरूर करावा. क्लॅरिव्हेटचं एंडनोट सशुल्क आहे. विद्यापीठाने ते घेतलेलं असेल आणि मार्गदर्शकही तेच वापरत असतील तर ते सोडण्याचं कारण नाही. लेटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीत लिहिणाऱ्यांनी झोटेरोला बेटर बिबटेक हे प्लगइन जोडावं, म्हणजे संदर्भांची बिब फाइल आपोआप ताजी राहते.

झोटेरो खात्यावर पीडीएफसाठी 300 एमबी मोफत मिळतात. तेवढी जागा स्कॅन केलेल्या पुस्तकांनी पटकन भरते. 2 जीबीला वर्षाला 20 डॉलर आणि 6 जीबीला 60 डॉलर पडतात. पण नुसत्या नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही, आणि फाइल सिंक बंद ठेवून पीडीएफ स्वतःच्या संगणकावरच ठेवता येतात. बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांना एवढं पुरतं. पैसे वाचवण्यासाठी झोटेरोचं संपूर्ण फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये हलवण्याची युक्ती सर्रास सुचवली जाते, ती मात्र करू नये. डेटाबेसची फाइल उघडी असताना बाहेरून सिंक झाली की ती बिघडू शकते आणि लायब्ररी उघडेनाशी होते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा झोटेरो बंद करून ते फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करावं.